चादरीच्या ग्राफवरून फरशीच्या तुकड्यांचं टेबल

सोलापुरात ‘मोझॅकचं टेबल करतेय’ असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जुन्या घरातली काळ्या-पांढऱ्या खड्यांची फरशी येते. गवंड्याला मात्र गच्ची आठवते. माझ्या ओळखीच्या मेस्त्रींनी टेबल बघितलं आणि म्हणाले, “ताई, ही चायना मोझॅकच की ओ! गच्चीवरची खाली आणली एवढंच.” खरंच आहे. गच्ची गळू नये म्हणून फुटक्या टाइल्सचे तुकडे बसवतात, तेच हे काम. चंदीगडला नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या, बशा, टाइल्स जमवून अख्खं रॉक गार्डन उभं केलं आणि १९७६ साली ते लोकांसाठी खुलं झालं. आपल्याला तर पावणेचार चौरस फुटांचं टेबल करायचंय.

पण गच्चीवर कुठला तुकडा कुठे पडला याला काही महत्त्व नसतं. टेबलावर असतं, कारण रोज सकाळी चहाचा कप घेऊन आपण त्याच्याकडे बघत बसतो. माझं पहिलं टेबल मी सुचेल तसं लावत गेले होते. एका कडेला अर्धा तुकडा, दुसऱ्या कडेला बोटभर फट. वर आणखी शहाणपणा म्हणजे खाली भुशाचा बोर्ड आणि चिकटवायला सुतारकामाचा पांढरा डिंक. जूनमध्ये खिडकीतून झड आली आणि बोर्ड पुरीसारखा फुगला.

वडिलांनी आयुष्यभर चादरीच्या कारखान्यात डिझाइनचे ग्राफ भरले. ते टेबल बघून त्यांनी एवढंच विचारलं, “ग्राफ कुठाय याचा?” नव्हताच. खालची पद्धत त्या प्रश्नातून आली आहे.

आधी घरं मोजा, मग बोर्ड कापा

सगळे उलटं करतात. आधी टेबलाचं माप ठरवतात आणि मग त्यात तुकडे कोंबतात. जकार्डवर, म्हणजे भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर, तसं चालत नाही. ग्राफच्या एका घराचा एक धागा, भरलेल्या घराला पुठ्ठ्यात एक भोक. घरं आधी ठरतात, चादरीची रुंदी त्यावरून येते. आपणही तेच करू.

एक तुकडा २५ मि.मी.चा चौकोन आणि दोन तुकड्यांमध्ये २.५ मि.मी.ची फट धरा. म्हणजे एक घर २७.५ मि.मी.चं. लांबीला २७ घरं घेतली तर शेवटची फट वजा जाऊन ७४० मि.मी. होतात, रुंदीला १७ घरांचे ४६५ मि.मी. चारही बाजूंना ५ मि.मी. मोकळे सोडा. बोर्ड झाला ७५० बाय ४७५ मि.मी. या पाच मिलिमीटरचं काम शेवटी कळेल, आत्ता फक्त सोडा.

२७ आणि १७ दोन्ही विषम आहेत, ते मुद्दाम. विषम घरांना मध्यावर एक नेमका तुकडा मिळतो: लांबीत चौदावा, रुंदीत नववा. सम घेतलीत तर मध्य फटीत जातो आणि शंकरपाळ्याला टोकच येत नाही.

आमच्या टेबलाची नक्षी चादरीवरच्यासारखीच साधी आहे. चौफेर दोन ओळींचा काळा काठ, मध्ये एक लाल शंकरपाळा, बाकी पांढरं. काठ वजा जाता आत २३ बाय १३ घरं उरतात. शंकरपाळ्याच्या तेरा ओळींत तुकडे असे पडतात: १, ३, ५, ७, ९, ११, १३ आणि मग उलट उतरत १. बेरीज ८५. काठाचे १६०, पांढरे २१४. एकूण ४५९ झाले की २७ गुणिले १७ शी ताळा करून बघा. दोन्ही बाजूंच्या रिकाम्या जागेत मला छोटी फुलं भरायची होती. वडील म्हणाले, “पांढरं मोकळं राहू दे, नाहीतर लाल दिसत नाही.” त्यांचं ऐकलं ते बरं झालं.

हे सगळं शाळेच्या ग्राफ वहीत रंगीत पेन्सिलींनी भरा. चूक पेन्सिलीत दिसली तर खोडरबराने जाते. सिमेंटमधली छिन्नीने काढावी लागते.

पाया

घरातल्या टेबलासाठी १८ मि.मी.चा पाण्यात टिकणारा प्लायवूड घ्या, दुकानात ‘बीडब्ल्यूपी’ किंवा ‘मरीन’ म्हणून मागतात. त्यावर आयएस ७१० हा शिक्का बघा. साधा कमर्शियल प्लाय किंवा भुशाचा बोर्ड आणलात तर पुढची सगळी मेहनत वाया. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि विशेषतः कापलेल्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या. एकाच बाजूला दिलात तर दुसरी बाजू ओल धरते आणि फळी वाकते.

प्लायवर ६ मि.मी.चा सिमेंट बोर्ड टाइल्सच्याच अॅडहेसिव्हने चिकटवून वरून दर १५ सें.मी.वर २० मि.मी.चे स्क्रू मारा, डोकी आत बसतील असे. लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं, टाइल हलत नाही. दोघांमध्ये कुणीतरी पंच हवा, ते काम सिमेंट बोर्ड करतो.

टेबल अंगणात किंवा गच्चीवर ठेवायचं असेल तर लाकडाच्या वाटेलाच जाऊ नका, सरळ शहाबादी फरशी घ्या. शहाबाद आपल्याच रेल्वेलाइनवर, कलबुर्गीच्या अलीकडे-पलीकडे म्हणावं इतकं जवळ, त्यामुळे सोलापुरात ही फरशी कुठेही मिळते. एक इंच जाडीची या मापाची फरशी साधारण २३ किलो भरते आणि वरचे तुकडे, सिमेंट धरून तिशीच्या पुढे जाते. प्लायचं टेबल, बोर्डासकट, पंधराएक किलोत बसतं. कोणतं रोज हलवायचंय ते बघून ठरवा.

स्टँडसाठी माझा आवडता उपाय म्हणजे जुन्या शिलाई मशीनचा बिडाचा सांगाडा. युनिफॉर्म शिवणाऱ्या या गावात असे सांगाडे भंगारात पडलेले असतात. तारेच्या ब्रशने गंज काढा, रेड ऑक्साइडचा एक हात, मग काळा ऑइल पेंट. उंची जेवणाच्या टेबलाएवढी भरते. बुटका टीपॉय हवा असेल तर फॅब्रिकेटरकडून एक इंची चौकोनी पाइपचा ४५ सें.मी. उंच स्टँड करून घ्या, मध्ये एक आडवा पाइप आणि स्क्रूसाठी भोकं पाडलेल्या चार पट्ट्या सांगायला विसरू नका.

कुठली टाइल

बाथरूमच्या भिंतीची साधी सिरॅमिक टाइल. बस्स. ती हाताने कापता येते. व्हिट्रिफाइड टाइल दिसायला भारी असते, पण ती जवळपास पाणीच शोषत नाही आणि इतकी कडक असते की निपरने, म्हणजे टाइल तोडायच्या पकडीने, तोडताना मनगट दुखतं आणि तुकडा कुठूनही फुटतो. तयार काचेचे मोझॅकचे ताव मिळतात, ३० बाय ३० सें.मी.चे, जाळीवर चिकटवलेले. ज्यांना एका दुपारी टेबल हवंय त्यांनी ते घ्यावेत. मला त्यात मजा वाटत नाही.

टाइल विकत घ्यायलाच हवी असं नाही. जुळे सोलापुरात कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. उरलेल्या, कोपरा उडालेल्या टाइल्स विचारलं की मिळतात. दुकानातही फुटलेल्या खोक्यातल्या टाइल्स बाजूला ठेवलेल्या असतात. फक्त एक होतं, वेगवेगळ्या ठिकाणच्या टाइल्सची जाडी सारखी नसते. माझी काळी ७ मि.मी.ची, लाल ८ आणि पांढरी जवळपास ९ ची निघाली. यावर इलाज आहे, पुढे सांगते.

३० बाय ३० च्या एका टाइलमधून कागदावर १४४ तुकडे निघतात. हातात ११० ते १२० येतात. म्हणून काळ्याच्या दोन, पांढऱ्याच्या दोन, लालची एक, आणि प्रत्येक रंगाची एकेक वर.

कापणं

गॉगल, मास्क, बंद चपला. हे आधी. टाइलची कपची काचेसारखी उडते आणि तिची धूळ फुप्फुसात साठते. ग्राइंडर वापरणार असाल तर पाणी मारत कापा आणि मुलांना आत पाठवा. मी ग्राइंडर वापरतच नाही. हातकटर आणि निपर यांच्यावर सगळं भागतं. कटर मेस्त्रींकडून दोन दिवसांसाठी मागून आणला तरी चालतो.

कटरचं चाक चकचकीत बाजूवर एकदाच, एका दाबाने ओढायचं. दोनदा ओढलं की रेघ फाटते. टाइल दोन्ही बाजूंना सारखी असेल तर सरळ तुटते, एका बाजूला अरुंद पट्टी असेल तर वाकडी जाते. म्हणून ३० ची टाइल आधी १५-१५ मध्ये, मग ७.५ मध्ये तोडा आणि तिच्या २५ मि.मी.च्या पट्ट्या सगळ्यात शेवटी काढा.

पट्टीवर पेन्सिलीने घरं आखा आणि निपरने तोडा. निपरचा जबडा पूर्ण आत घालायचा नाही, कडेला तीन मिलिमीटर पकडून दाबायचं, तडा आपोआप पुढे जातो. हे जुन्या पंच्याखाली हात ठेवून करा, कपच्या आतच राहतात. तुकड्यांच्या कडा सुरी घासायच्या दगडावर दोनदा ओढा. सगळे तुकडे अगदी चौकोनी होणार नाहीत. नका करू. थोडं वाकडं असलं तरच ते हातचं दिसतं. पण २६ मि.मी.च्या वर गेलेला तुकडा मात्र निष्ठुरपणे बाजूला काढा, तो पुढच्या सगळ्या ओळी ढकलतो.

रंगाप्रमाणे तीन डबे करा आणि मोजून भरा.

खळ आणि कागद

जाडी सारखी असेल तर तुकडे सरळ बोर्डावर अॅडहेसिव्ह लावून बसवता येतात. जाडी कमीजास्त असेल तर तसं केल्यावर वरचा पृष्ठभाग खडबडीत होतो आणि कप डुगडुगतो. म्हणून तुकडे उलटे, तोंड खाली करून कागदावर चिकटवायचे. कागद सपाट असतो, त्यामुळे सगळ्यांची तोंडं एका पातळीत येतात आणि जाडीचा फरक मागे अॅडहेसिव्हमध्ये मुरतो.

चिकटवायला खळ. सुताला देतात तीच कल्पना, फक्त मैद्याची. दोन चमचे मैदा एक कप पाण्यात गुठळ्या न होता कालवा, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा, गार करा. डिंक किंवा फेव्हिकॉल नको, कारण हा कागद नंतर पाण्याने सुटायला हवा.

पुस्तकांना घालतो तो खाकी कागद घ्या. त्यावर घरं आखा. २७.५ मि.मी. पट्टीवर मोजणं कटकटीचं आहे, त्यापेक्षा दोन घरांना ५५ मि.मी. मोजा आणि मध्य काढा. मग ग्राफ समोर ठेवून मधल्या तुकड्यापासून बाहेर जात खळीच्या एका ठिपक्यावर एक तुकडा, चकाकी खाली. दोन संध्याकाळी लागतात. रेडिओ लावा.

एक लक्षात ठेवा, कागदावरचं चित्र बोर्डावर गेलं की आरशातल्यासारखं उलटतं. शंकरपाळ्याला फरक पडत नाही. पण मी एकदा एका पूजेच्या चौरंगावर ‘श्री’ लिहायला घेतला होता आणि बसवल्यावर तो ‘श्री’ आमच्या देवाकडे पाठ फिरवून उभा राहिला.

रात्रभर वाळू द्या. दुसऱ्या रात्रीपर्यंत मात्र ठेवू नका, मैदा आहे, मुंग्या येतात. वाळल्यावर फटीच्या रेषेवरून कागदाचे तीन भाग कापा, प्रत्येकी ९ घरं रुंद, १५३ तुकड्यांचे. कागदाच्या बाजूला १, २, ३ आणि वरच्या दिशेचा बाण काढा. उलटवल्यावर डावीकडचा भाग उजवीकडे जातो, तेव्हा क्रम ३, २, १ असा येईल.

बसवणं: वेळ घड्याळात नाही, हवेत बघा

अॅडहेसिव्ह पॉलिमरवालं घ्या आणि पिशवीवर सिमेंट बोर्डासाठी चालतं असं छापलंय का ते वाचा. नुसत्या पांढऱ्या सिमेंटवर तुकडे महिनाभर राहतात, मग एकेक निघतात. आपल्याला दोन किलोच्या आत लागतं. वीस किलोची पिशवी आणण्यापेक्षा शेजारी काम चालू असेल तिथून सुटं मागून घ्या.

एक किलो पावडरला साधारण पाव लिटर पाणी, नेमकं प्रमाण पिशवीवर असतं ते पाळा. पाण्यात पावडर टाका, पावडरीत पाणी नको. कालवल्यावर पाच मिनिटं तसंच ठेवा आणि पुन्हा ढवळा. एका वेळी एकाच भागापुरतं, अर्धा-पाऊण किलो.

आता सोलापूरचा मुद्दा. पिशवीवर ‘वीस मिनिटांत टाइल बसवा’ असं लिहिलेलं असलं तरी ते थंड हवेचं गणित आहे. इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, फॅनखाली अॅडहेसिव्हवर सात-आठ मिनिटांत साय धरते. साय धरलेल्यावर तुकडा बसलेला दिसतो, पण धरत नाही. बोट लावून बघा: बोटाला लागलं तर चालू ठेवा, बोट कोरडं निघालं तर खरवडून फेका. मी हे काम सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटी काढते, सकाळी सातला, फॅन बंद करून. उन्हाळ्यात करावंच लागलं तर पहाटे करा आणि सिमेंट बोर्डावरून आधी ओला स्पंज फिरवा.

हातमोजे घाला, सिमेंटने बोटांची सालं निघतात. बोर्डाच्या एक तृतीयांश भागावर थापीने अॅडहेसिव्ह पसरा, ४ मि.मी.च्या दातेरी थापीने रेघा ओढा आणि मग त्याच थापीच्या सपाट बाजूने त्या रेघा हलक्या हाताने मोडा. मोठ्या टाइलला रेघा तशाच ठेवतात. छोट्या तुकड्यांत तसं केलं तर अॅडहेसिव्ह फटींतून वर उसळतं आणि ग्राउटला, म्हणजे फटी भरायच्या मसाल्याला, जागाच उरत नाही. थर दोन-तीन मिलिमीटरचा राहिला पाहिजे.

कागदाचा भाग कागद वर करून ठेवा, कडेचे पाच मिलिमीटर सोडून. वर सपाट फळी ठेवून थापीच्या मुठीने हळूहळू ठोका, मध्यापासून कडेकडे. मग दुसरा भाग, दोन भागांमधली फट इतर फटींएवढीच. तिसरा झाल्यावर लेव्हल पट्टी आडवी-तिरपी ठेवून बघा.

अर्ध्या-पाऊण तासाने कागद ओल्या स्पंजने भिजवा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा भिजवा. खाकी रंग गडद झाला की कोपऱ्यातून सोलायला लागा. वर ओढायचा नाही, टेबलाला जवळजवळ समांतर, पोटाकडे. एखादा तुकडा कागदाबरोबर आला तर घाबरू नका, मागे अॅडहेसिव्ह लावून परत बसवा. सरकलेले तुकडे आत्ताच सुरीच्या टोकाने नीट करा, उद्या होणार नाही. फटींत वर आलेलं अॅडहेसिव्ह काडीने उकरा. मग २४ तास हात लावू नका.

ग्राउट

या टेबलाला एक किलोचं पाकीट पुरतं. रंग गडद राखाडी. पांढऱ्या ग्राउटच्या मोहात पडू नका, आपल्या घरात हळद आहे, शेंगाचटणीचं तेल आहे, चहा आहे. खरं तर इपॉक्सी ग्राउट डागच धरत नाही, पण ते झटपट घट्ट होतं आणि वेळीच पुसलं नाही तर टाइलवर कायमचं बसतं. पहिल्या टेबलाला सिमेंटचंच घ्या.

ग्राउट लावायच्या आधी कडेला पट्टी मारा. सागाची बीडिंग किंवा अॅल्युमिनियमची. १८ चा प्लाय, ६ चा बोर्ड, अॅडहेसिव्ह आणि टाइल मिळून जाडी ३३ ते ३५ मि.मी. भरते, पट्टी तेवढीच उंच हवी, वर आलेली कड कोपराला टोचते. पट्टीवर मास्किंग टेप लावा.

ग्राउट श्रीखंडाइतकं घट्ट कालवा. रबरी थापी नसेल तर जुन्या स्लिपरचा तुकडा कापून घ्या, बरेच मेस्त्री तेच वापरतात. फटींना तिरपं दाबत ओढा. सरळ ओढलं तर भरलेलं ग्राउट परत उचललं जातं. पण कडेचे ते पाच मिलिमीटर भरू नका. पंधरा-वीस मिनिटांनी घट्ट पिळलेल्या स्पंजने गोल फिरवत पुसा. स्पंजातून पाणी गळत असेल तर रंग धुऊन जातो. दोनेक तासांनी टाइलवर धुक्यासारखा थर येतो, तो कोरड्या सुती कापडाने निघतो.

यासाठी नळाचं पाणी भरून ठेवा. बोअरच्या खारट पाण्याने ग्राउटवर पांढरट फुलोरा येऊ शकतो. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे ग्राउटचा दिवस पाण्याच्या दिवसाला जोडूनच ठरतो. पुढचे दोन दिवस वर ओलं फडकं टाकून ठेवा. ते पूर्ण वाळलं की ग्राउट सीलरचे दोन हात.

आता कडेची फट. तिच्यात ग्राउटच्याच रंगाचं सिलिकॉन भरा. लाकूड पावसाळ्यात फुगलं की ढकलायला त्याला एवढी जागा लागते. ही फट ग्राउटने भरलेली टेबलं मी बघितली आहेत, पहिल्या पावसाळ्यानंतर कडेने केसासारखी भेग जाते.

टेबल उलटं करून स्टँड बसवा. पट्टीतून जाणारा स्क्रू पाऊण इंचापेक्षा लांब नको, नाहीतर तो प्लाय ओलांडून वर सिमेंट बोर्डात घुसतो.

पुसायला साबणाचं पाणी पुरे. बाथरूम क्लीनर किंवा लिंबू-व्हिनेगर वापरू नका, आम्लाने सिमेंटचं ग्राउट झिजतं. बाहेरच्या टेबलाला शहाबादी पाया असेल तर त्यालाही हाच नियम, तो चुनखडीचाच दगड आहे.

उरलेले तुकडे टाकू नका. प्रत्येक रंगाचे दहा एका डबीत घालून डबी स्टँडच्या आतल्या बाजूला बांधून ठेवा, सोबत मूठभर कोरडं ग्राउट हवाबंद पिशवीत. कधी खलबत्ता पडून तुकडा फुटलाच तर भोवतीचं ग्राउट टोकदार खिळ्याने उकरा, फुटका तुकडा मधून फोडून काढा, कडेकडून छिन्नी घालू नका, शेजारचा उडतो. खालचं अॅडहेसिव्ह खरवडून नवा बसवा. आमच्या टेबलावर चौथ्या ओळीतला एक पांढरा असा बदललेला आहे, आणि वडील आजही येणाऱ्याला तो कुठला ते ओळखायला लावतात.